युद्धकाळातल्या पुरवठादारांना जाब विचारायचाय, तर खासदारांना नेमकं काय लिहावं?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो मला जसा समजला तसा आधी मांडतो, चुकत असेन तर सांगा. तुमचा धाकटा भाऊ लष्करात आहे आणि त्याची नेमणूक डोंगरात आहे. घाईत खरेदी केलेलं काही सामान त्याच्या तुकडीत निकृष्ट निघालं, हे तो सुट्टीवर बडोद्यातल्या मांजलपूरच्या घरी आला तेव्हा जेवताना सांगून गेला. तेव्हापासून तुमच्या डोक्यात आहे की आमदारांना निवेदन द्यावं, सह्या गोळा कराव्यात, युद्धाच्या नावावर खराब माल खपवणाऱ्या कंत्राटदारांना शिक्षा व्हावी. सोसायटीतले काका म्हणतात, सीमेवर ताण असताना असले प्रश्न काढणं म्हणजे जवानांचं मनोबल खच्ची करणं. शेवटी तुम्ही विचारलंय, अमेरिकेत इराकनंतर चौकशी आयोग बसला, मग आपल्याकडे का नाही?

मी ३१ वर्षं सरकारी तपासणीत काढली. लष्करासाठी येणारं कापड, तंबू, पादत्राणं, हातमोजे असा माल पास किंवा नापास करणं हे माझं काम होतं. निवृत्तीनंतर बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांना तपासणीचे कागद नीट ठेवायला शिकवतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. लिहिण्याचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. पण आता जे मागायचं ठरवलंय ते मागितलंत, तर हाती काहीच लागणार नाही. असं का, ते एका अनुभवावरून सांगतो.

घाईच्या एका खरेदीत लोकरी अस्तराच्या हातमोज्यांची खेप माझ्यापुढे आली. आमच्याकडे प्रत्येक वस्तूचा सीलबंद नमुना असतो. लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटातला तो नमुना काढायचा आणि खेपेतून उचललेले नग त्याच्या शेजारी ठेवून पाहायचे. हातमोज्यात सगळ्यात जास्त ताण येतो तो अंगठ्याच्या मुळाशी, जिथे अंगठा तळव्याला जोडलेला असतो. दोर ओढा, कुदळ धरा, गाडीचा टायर बदला, सगळा जोर तिथेच. भिंग लावून टाके मोजले तर खेपेतल्या हातमोज्यांत इंचामागे दोन-तीन टाके कमी होते. कानाला अगदी किरकोळ वाटेल असा दोष, पण खेप नापास करायला तेवढा पुरेसा होता. तेवढ्यात वरून फोन आला. माल तातडीने हवाय, गाडी उभी आहे, एवढ्यासाठी अडवू नका. मी तपासणी-पत्रावर ‘किरकोळ विचलन मान्य’ असं लिहिलं आणि सही केली. कोणी मान्य केलं हे लिहिलं नाही. मला कोणी विचारलंही नाही.

काही महिन्यांनी एक पुठ्ठ्याचं खोकं परत आलं. आत अकरा जोड होते, सगळे अंगठ्याच्या मुळाशी उसवलेले. एका हातमोज्याला उसवलेल्या जागी प्रथमोपचाराच्या पेटीतली चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टीची कड काळी पडली होती, म्हणजे कोणीतरी तो हातमोजा तसाच बरेच दिवस वापरला होता. पुरवठादाराला पत्र गेलं. त्याचं उत्तर चार ओळींचं होतं: माल आपल्याच तपासनीसाने पास केला आहे, सोबत तपासणी-पत्राची प्रत जोडली आहे. त्या प्रतीवर माझी सही होती. पैसे केव्हाच गेले होते. असल्या करारांत साधारण ९५ टक्के रक्कम तपासणी-पत्र आणि माल रवाना झाल्याचा पुरावा दाखवला की मिळते, उरलेले ५ टक्के माल पोचल्यावर. फाईलीत फोनचा उल्लेख होता तो एवढाच: ‘सक्षम अधिकाऱ्याच्या तोंडी सूचनेनुसार’. सक्षम अधिकारी कोण, याचं उत्तर आजतागायत त्या फाईलीत नाही.

म्हणून सांगतो, खराब माल कोणी दिला हे शोधणं सोपं असतं. खोक्यावर नाव छापलेलं असतं. तो माल चालेल असं कोणी ठरवलं, कोणती अट सोडली आणि कोणाच्या अधिकारात सोडली, हे सापडत नाही. आणि ते सापडत नाही तोवर कंत्राटदार कोर्टातही सुटतो आणि मंत्रालयातही. त्याच्या हातात सरकारचीच पावती असते.

हे आजचं नाही. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमार्फत जीपगाड्यांचा सौदा झाला. १५५ जीप आल्या आणि त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला, समितीने ताशेरे ओढले, आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. कारगिलचं तर तुम्हाला आठवत असेल. लढाई जुलै १९९९ मध्ये संपली. ‘ऑपरेशन विजय’साठी केलेल्या खरेदीवरचा कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल डिसेंबर २००१ मध्ये संसदेत आला. बहुतेक सामान लढाई संपल्यावर पोचलं, त्यामुळे त्याचा त्या मोहिमेला उपयोगच झाला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पण देशभर गाजल्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या शवपेट्या. १८ किलोच्या ठरलेल्या, आल्या ५५ किलोच्या. रस्त्यावर घोषणा झाल्या, सीबीआयने गुन्हा नोंदवला, आणि २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपी अधिकाऱ्यांना आरोपमुक्त केलं. सगळा राग एका वस्तूवर आणि दोन-चार नावांवर खर्च झाला. उशिरा आलेल्या शेकडो कोटींच्या मालाचं पुढे काय झालं, दंड किती वसूल झाला, हे विचारायला कोणी उरलं नाही. संसदेची लोकलेखा समिती विचारत होती, पण केंद्रीय दक्षता आयोगाने या खरेदीवर केलेला अहवाल गोपनीय म्हणून सरकारने तिला दिलाच नाही. खासदारांच्या समितीलाच कागद मिळत नसेल, तर तुमच्या-माझ्या सह्यांच्या निवेदनाचं काय होणार?

आता काकांच्या म्हणण्याबद्दल. त्यांची काळजी खोटी नाही. युद्धात वेग लागतो, आणि आमच्या खात्याच्या नेहमीच्या चालीने माल घ्यायचा तर हिवाळ्याचे हातमोजे उन्हाळ्यात पोचतील. तातडीच्या खरेदीचे अधिकार असायलाच हवेत. जून २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने अशा अधिकारांखाली १३ करार केले, एकूण रक्कम सुमारे १,९८२ कोटी रुपये. ते करायला नको होते, असं मी अजिबात म्हणणार नाही. पण घाईच्या वेळी विचारलेला प्रश्न जवानाच्या विरोधात असतो, हे मला मान्य नाही. ती चिकटपट्टी ज्याने लावली त्याच्या बाजूने कोणीतरी वेळेत विचारायला हवं होतं.

अमेरिकेबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते खरं आहे, पण उदाहरण थोडं चुकीचं निवडलंय. इराक-अफगाणिस्तानातल्या कंत्राटांवरचा आयोग तिथल्या काँग्रेसने २००८ मध्ये नेमला. त्याचा अंतिम अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये आला आणि त्यात ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टीत आणि लबाडीत गेल्याचा अंदाज होता. आकडा प्रचंड आहे. पण इराकची लढाई २००३ ची आणि अफगाणिस्तानची २००१ ची. आयोग बसला तोवर पैसे वाटून झाले होते, मधल्या उपकंत्राटदारांच्या साखळ्या विरून गेल्या होत्या म्हणा ना. तिथे तर प्रश्न मालापुरताही नव्हता. सप्टेंबर २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या सशस्त्र रक्षकांनी गोळीबार करून १७ इराकी नागरिक मारले. खटला चालून शिक्षा झाल्या २०१४ नंतर, आणि २०२० च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा झालेल्या चौघा रक्षकांना माफी देऊन टाकली. उशिरा मागितलेला जाब कुठवर पोचतो ते यात दिसतं.

शिकायचंच असेल तर १९४१ कडे पाहा. हॅरी ट्रुमन तेव्हा साधे सिनेटर होते. लष्करी छावण्यांच्या बांधकामात पैसा वाया जातोय अशा तक्रारी आल्या, तेव्हा ते स्वतः गाडीने छावण्या पाहत हिंडले, आणि मार्च १९४१ मध्ये सिनेटची समिती स्थापन झाली. सुरुवातीला तिला मिळाले अवघे १५,००० डॉलर. समितीने अब्जावधी डॉलर वाचवल्याचं मानलं जातं. मला त्यातलं जवळचं वाटतं ते ओहायोतल्या विमान-इंजिनांच्या कारखान्याचं प्रकरण. सदोष इंजिनं पास करावीत म्हणून तपासनीसांवर दबाव येत होता, हे समितीने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, उघड केलं. युद्ध चालू असताना! आधी हिटलर हरू दे, मग बघू, असं म्हणून समिती थांबली नाही. ती सदोष इंजिनं उद्या कोणाच्या तरी विमानात बसणार होती, म्हणून तेव्हाच विचारलं.

त्याहून जुनी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे नेमकी तीच नाही. यादवी युद्धात अमेरिकेत चिंध्या पुन्हा कातून बनवलेल्या कापडाचे गणवेश पुरवले गेले, पावसात ते विरघळल्यासारखे फाटले. त्यावर १८६३ मध्ये लिंकनच्या काळात खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा झाला. सरकारला खोटं बिल लावणाऱ्यावर कोणीही, अगदी त्याच कारखान्यातला कारकूनसुद्धा, सरकारच्या वतीने दावा लावू शकतो. आज तिथे नुकसानीच्या तिप्पट भरपाई घेता येते, आणि माहिती देणाऱ्याला वसुलीतला साधारण १५ ते ३० टक्के हिस्सा मिळतो. आपल्याकडे त्या कारकुनाला नोकरी जाण्याची भीती तेवढी असते. मकरपुऱ्यात एका मुलाने मला विचारलं होतं, साहेब, कडकपणाच्या चाचणीचा आकडा मालकाने बदलायला सांगितला तर मी काय करू? मी त्याला म्हटलं, खरा आकडा तुझ्या वहीत तारखेसह लिहून ठेव. याहून जास्त सांगण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडे कंत्राटदाराला शिक्षा म्हटलं की काळ्या यादीचंच नाव निघतं. २०१२ मध्ये मंत्रालयाने सहा कंपन्यांवर दहा वर्षांची बंदी घातली, २०२५ च्या सुरुवातीला चिनी भाग आढळल्यावरून ४०० ड्रोनचे करार रद्द केले. कधी कधी ते करावंच लागतं. पण काळी यादी म्हणजे कुऱ्हाड, तिने टाचणीचं काम होत नाही. बोफोर्सचं पाहा. १९८६ च्या तोफांच्या सौद्यातल्या लाचखोरीच्या आरोपांचा एवढा स्फोट झाला की कंपनीशी व्यवहारच थांबले. तोफ चांगली होती, कारगिलमध्ये तिनेच हात दिला. तिचे आराखडे आपल्याकडे आलेले होते, तरी त्यांवर आधारलेली ‘धनुष’ तोफ जबलपूरहून लष्कराच्या हाती पडायला २०१९ उजाडलं. शिक्षा नक्की कोणाला झाली? म्हणून निवेदनात ‘कंपनीवर बंदी घाला’ हे पहिलं वाक्य लिहू नका. दंड वसूल करा, माल बदलून घ्या, वाढीव खर्च त्याच्याकडून भरून घ्या, ही कलमं बहुतेक करारांत आधीपासून असतात. ती वापरली जातात का, एवढं विचारा.

इथवरचं थोडक्यात: वेगाला विरोध नको, नावं घेऊन आरोप नको, बंदीची घाई नको. मागायचं ते एवढंच की घाईत जी अट सोडली जाईल ती कोणी सोडली हे नाव, हुद्दा आणि तारखेसह लिहिलं जावं, आणि ठरलेल्या मुदतीत तो कागद संसदेच्या समितीपुढे जावा. जनतेपुढे आणा असं मी म्हणत नाही. समितीपुढे, बंद दाराआड चालेल.

आता हे कसं करायचं. आमदारांना भेटायचं तर जरूर भेटा, पण संरक्षण हा केंद्राचा विषय आहे, त्यामुळे काम होईल ते खासदारांकडून. लोकसभेचे आपले खासदार, आणि गुजरातमधून राज्यसभेवर गेलेले सदस्यही. हजार सह्यांच्या निवेदनापेक्षा एका पानाचं पत्र आणि सोबत तयार लिहिलेला प्रश्न जास्त उपयोगी पडतो. खासदारांच्या कार्यालयातला मुलगा तो तसाच टंकून देऊ शकतो. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा, त्यात युक्तिवाद, उपरोध, कोणावर आरोप असलेलं चालत नाही, गोपनीय किंवा न्यायप्रविष्ट गोष्ट विचारता येत नाही, आणि निदान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, पण दिवसाला असे वीसच प्रश्न लागतात, तेही सोडतीने. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. आकडे हवे असतील तर मला अतारांकितच बरा वाटतो, कारण लेखी आकड्यावरून पुढे बोट ठेवता येतं.

मी असा लिहिला असता:

‘संरक्षणमंत्री सांगतील काय: (क) गेल्या तीन आर्थिक वर्षांत तातडीच्या अधिकारांखाली झालेल्या करारांपैकी किती करारांत पुरवठा मुदतीत पूर्ण झाला, (ख) किती करारांत तपासणीच्या अटी शिथिल केल्या, आणि अशी शिथिलता लेखी देण्याचा अधिकार कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, (ग) उशीर आणि दोष यांपोटी किती दंड आकारला आणि त्यापैकी किती प्रत्यक्ष वसूल झाला, (घ) वापरणाऱ्या तुकड्यांकडून दोष-अहवाल आल्यावर किती प्रकरणांत पुरवठादाराने माल बदलून दिला?’

यात एकही कंपनी नाही, एकही ठिकाण नाही, तुकडी नाही. तरी (ख) आणि (ग) यांची उत्तरं आली की बरंच काही कळेल. ‘आकारला’ आणि ‘वसूल झाला’ हे दोन शब्द वेगळे ठेवायचे, ते गाळू देऊ नका. आमच्याकडे दंड आकारला जायचा आणि पुढे कुठेतरी तो माफ व्हायचा.

भावाच्या बाबतीत मात्र फार जपा. त्याने स्वतः खासदारांना काही लिहू नये, त्याचं नाव, युनिट, जागा, वस्तूचा फोटो यातलं काहीही तुमच्या पत्रात येऊ देऊ नका. नोकरीतल्या माणसाने राजकीय माणसामार्फत विषय नेणं लष्कराला चालत नाही, आणि शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा अजून लागू आहे. त्याच्याकडे सरळ वाट आहे: वापरात दोष निघाला की तुकडीतून लेखी दोष-अहवाल पाठवता येतो. आमच्या त्या खोक्यासोबत असाच कागद आला होता, म्हणून निदान प्रश्न तरी विचारला गेला. त्याला एवढंच सांगा की उसवलेली वस्तू टाकून न देता तो अहवाल भरायला लाव. बाकी तुमचं पत्र हे एका नागरिकाचं पत्र आहे, त्यात त्याचा संबंध येतच नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज समांतर करता येईल. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. देशाच्या सुरक्षेचं कलम ८(१)(क) आणि व्यापारी गुपिताचं ८(१)(घ) दाखवून नकार येण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून कराराची प्रत न मागता एकूण आकडे मागा, आणि कलम १० चा उल्लेख करा, म्हणजे देता येण्याजोगा भाग वेगळा काढून द्या असं म्हणता येतं. मिळेलच याची खात्री मी देत नाही. ते खातं, अधिकारी आणि त्या वेळचं वातावरण यांवर अवलंबून आहे. संसदेतल्या प्रश्नाचंही तसंच. खासदार सत्ताधारी पक्षाचे असतील तर काहीजण असा प्रश्न लावायला कचरतात. तेव्हा त्यांना म्हणा, प्रश्न नको तर हेच पत्र तुमच्या शिफारशीसह संरक्षणविषयक स्थायी समितीकडे आणि लोकलेखा समितीकडे पाठवा. स्थायी समितीत दोन्ही सभागृहांचे ३१ सदस्य असतात, लोकलेखा समितीत २२, आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असतं. एका बाजूने दार लागलं तर दुसरीकडून वाजवता येतं.

बडोद्याच्या माणसाने हे विचारावं याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या शहरात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांचा कारखाना उभा आहे, ४० विमानं इथे बनायची आहेत. जुने आयुध कारखानेही ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्यांत विभागले गेले. म्हणजे यापुढे लष्कराचं सामान बनवणारा बहुतेक कोणीतरी कंपनीतला असेल, आणि त्यात आपल्याच घरची मुलं असतील. मी ज्या कारखान्यांत जातो तिथली बहुतेक माणसं चोख काम करतात. खरा आकडा लिहिणाऱ्याचं नुकसान होणार नाही, खोटा लिहायला लावणाऱ्याचं होईल, अशी सोय या मुलांना आत्ताच हवी आहे. जमलं तर पत्राच्या शेवटी दोन ओळी यासाठी घाला: पुरवठादाराकडे काम करणाऱ्या आणि लबाडी उघड करणाऱ्या माणसाला कायद्याने संरक्षण आणि वसुलीत हिस्सा मिळावा.

एक शेवटचं, आणि हे बहुतेक लोक विसरतात. प्रश्न लागला आणि उत्तरात ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं आलं, तर हताश होऊ नका. संसदेच्या भाषेत ते आश्वासन ठरतं. ते तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, आणि त्यावर लक्ष ठेवायला सरकारी आश्वासनांची वेगळी समिती आहे. उत्तराची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, तिथून तीन महिने मोजा, आणि त्या दिवशी खासदारांना दुसरं पत्र द्या: अमुक तारखेचं आश्वासन, अमुक क्रमांकाचा प्रश्न, माहिती आली का? पहिल्या पत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठवा. शब्द मोजून देईन.